कुलूपकाकांचे उरलेले पॉइंट

कुलूपकाकांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांना ओळखणारे सगळेच म्हणत. या खेपेला मात्र कारण होतं, आणि चांगलं भरभक्कम होतं.

पंपांच्या कारखान्यात काकांनी सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढली. बेअरिंग, वॉशर, पट्टे, ग्रीसचे डबे, सगळं त्यांच्या ताब्यात. 'कुलूप' हे नाव तिथलंच. कोणी काही मागायला आलं की काका आधी त्याच्याकडे संशयाने बघत, मग जुना भाग खरंच झिजलाय का ते हातात घेऊन तपासत, आणि मगच रॅककडे वळत. शेवटचा नग तर कोणालाच मिळत नसे. "तो ठेवणीतला आहे," एवढंच उत्तर. फोरमन येऊन आरडाओरडा करी, मॅनेजर फोनवरून तडकत, काका ढिम्म. बरं, या हट्टामुळे एकदा अख्खा कारखाना मोठ्या खोळंब्यातून वाचला होता, त्यामुळे त्यांना बोलायची सोयही उरली नव्हती.

घरातही तीच तऱ्हा. नवे टॉवेल कपाटात आणि विरलेले दांडीवर. पाहुण्यांसाठीचे कप इतके जपलेले, की पाहुणे आले तरी ते बाहेर निघत नसत. काकू बिचाऱ्या हसण्यावारी नेत. मुलगी मात्र लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिने सरळ कपाट उघडलं, नवा टॉवेल काढला आणि अंघोळीला गेली. काका दिवसभर तिच्याशी धड बोलले नाहीत.

अशा माणसाने हॉलिडे क्लबचं सभासदत्व घ्यावं हे नवलच. पण ते त्यांनी घेतलं नव्हतं, त्यांच्या गळ्यात मारलं होतं. एका हॉटेलात फुकट चहा आहे म्हणून दोघं गेली, आणि टाय लावलेल्या एका पोराने तळ्याकाठच्या बंगल्याचा फोटो काकूंपुढे धरला. काकू त्या फोटोकडे बघत राहिल्या. काका काकूंकडे बघत राहिले आणि त्यांनी सही केली. आयुष्यात एवढी एकच उधळपट्टी, आणि तिचं खापर ते पुढे कायम त्या पोराच्या टायवर फोडत.

क्लबचा हिशेब सोपा होता. दरवर्षी खात्यात पॉइंट पडायचे आणि ते मोजून खोली घ्यायची. गर्दीच्या दिवसांत जास्त मोजायचे, एरवी कमी. काका अर्थातच एरवी जात. भर थंडीत, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, तळ्याकाठच्या त्याच बंगल्यात, तळमजल्यावरच्या एका ठरावीक खोलीत. निम्मे पॉइंट उरत. वर्ष संपलं की उरलेले बुडत, आणि डोळ्यांदेखत काही वाया जाणं काकांना सोसणारं नव्हतं. त्यावर क्लबनेच तोड सांगितली. एक एक्स्चेंज कंपनी होती. गावोगावचे असे क्लब तिला जोडलेले होते. उरलेले पॉइंट तिच्याकडे जमा करायचे, म्हणजे ते आणखी काही वर्षं जगत, आणि दुसऱ्या कुठल्याही क्लबच्या घरात वापरता येत. काकांना ही योजना मनापासून पटली. ते दरवर्षी उरलेले पॉइंट जमा करत, मुदत संपत आली की फी भरून ती वाढवून घेत, आणि दुसऱ्या कुठल्याही घराकडे फिरकत नसत. खात्यातला आकडा वाढताना बघूनच त्यांना सहल झाल्यासारखं वाटे.

गेल्या वर्षी काकूंनी तळ्यावर जाऊया म्हणून दोन-तीनदा विषय काढला होता. काका म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ, निवांत जाऊ, जरा जास्त दिवस राहू. ते सगळे पॉइंटही एक्स्चेंजमध्ये गेले. या वर्षी तर कहरच झाला. वर्षाच्या सुरुवातीलाच फोनवर निरोप आला, की लवकर जमा करणाऱ्याला काही पॉइंट वरून मिळतील. वरून मिळतील म्हटल्यावर काकांना कुठला धीर. त्यांनी त्याच दिवशी नवे कोरे पॉइंट झाडून सगळे जमा केले आणि काकूंना चहा करायला सांगितला.

आणि मग डॉक्टरांनी काकूंच्या डोळ्यांचं निदान केलं. काचबिंदू. बराच पुढे गेलेला. कडेकडेने अंधार सरकत होता आणि मधे तेवढी नजर शिल्लक होती. औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, आणि आहे ते किती टिकेल हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या जिन्यात काकूंनी कठडा धरला आणि म्हणाल्या, "तळ्यावर जाऊन येऊ. दिसतंय तोवर."

तळ्याकाठच्या त्या खोलीत काकूंना कोणाच्या हाताची गरज लागली नसती. उंबरा कुठे आहे, बाथरूमची कडी कुठल्या बाजूला आहे, व्हरांड्यातली खुर्ची भिंतीपासून किती लांब असते, सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. तिथे त्या एकट्या उठून पाण्यापाशी जाऊन बसू शकल्या असत्या.

काकांनी क्लबला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा काकांना आधीपासूनच राग. तिने बघून सांगितलं की खोली मोकळी आहे, पण तुमच्या खात्यात पॉइंट नाहीत. काका म्हणाले, एक्स्चेंजमध्ये ढीगभर पडलेत, तिकडून घ्या. एकदा जमा केलेले पॉइंट परत येत नाहीत, ती म्हणाली. मग एक्स्चेंजमधूनच ही खोली द्या. तेही होणार नव्हतं. एक्स्चेंजमधून फक्त दुसऱ्या क्लबांची घरं मिळतात, स्वतःच्या क्लबचं घर मिळत नाही, असा नियम होता. पैसे भरतो म्हटलं, तर ती खोली फक्त पॉइंटवर मिळते. पुढच्या वर्षीचे पॉइंट उसने द्या म्हटलं, तर या वर्षीचे वापरल्याशिवाय उसने मिळत नाहीत, आणि जमा करणं म्हणजे वापरणं नव्हे.

म्हणजे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबच्या माणसाला त्या खोलीत जाता येत होतं. कुलूपकाकांना तेवढं येत नव्हतं, कारण ती त्यांची होती. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते त्या मुलीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने शेवटी, आणखी काही मदत करू का, असं विचारलं तेव्हा तर त्यांनी फोन सोफ्यावर आपटला, आणि तो उसळी घेऊन खाली पडला म्हणून सोफ्यालाही दोन शब्द ऐकवले.

लेकीने सासरहून फोनवरून समजावलं, की बाबा, एक्स्चेंजमधून दुसरं एखादं घर घ्या, पाणी काय सगळीकडे सारखंच. तिच्यावरही ते उखडले. तुला कळत नाही, आईला नवी जागा झेपणार नाही, म्हणाले. यात काळजी होती हे खरं. पण आपण फसलो हे कबूल करायचं नव्हतं, हेही तितकंच खरं, आणि हे दुसरं काकूंना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी काका क्लबच्या ऑफिसात जाऊन धडकले. काकूंना घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून बरोबर घेतलं. काचेचा दरवाजा, गार हवा, भिंतभर समुद्र आणि डोंगर. काकूंना काच दिसली नाही, कपाळ आपटता आपटता राहिलं. काकांचा पारा तिथेच चढला. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांचं सगळं मान डोलावत ऐकलं, आणि म्हणाला की यावर एक उत्तम मार्ग आहे. तुम्ही सभासदत्व एक पायरी वर न्या. नवे पॉइंट लगेच खात्यात पडतील.

काका उठून उभे राहिले. म्हणाले, "माझी बायको आंधळी होतेय, आणि तुम्ही मला पायऱ्या विकताय."

काका थांबले नाहीत. नियम कोणी केला, त्याला बोलवा. वरचा साहेब कुठे बसतो. इतकी वर्षं मी एक पॉइंट वाया घालवला नाही, सगळे सांभाळून ठेवले, त्याचं हे फळ का. दारातला रखवालदार दोन पावलं पुढे आला. काका त्याच्याही अंगावर गेले.

"बसा," काकू म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण काकांनी तो तसा कधी ऐकला नव्हता. ते बसले.

"यांच्यावर कशाला ओरडताय? यांनी बांधून नेले का तुमचे पॉइंट? तुम्हीच नेऊन घातले," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी सांगत होते, जाऊ या. तेव्हा मला सगळं तळं दिसलं असतं. या काठापासून त्या काठापर्यंत. तुम्ही म्हणालात, ठेवू. टॉवेल ठेवले, कप ठेवले, मी काही बोलले नाही. माझी नजर कुठे जमा करायची होती, ते सांगा ना मला."

अधिकारी टेबलावरचं पेन उगाच सरळ करत बसला.

मग काकू त्याच्याकडे वळल्या. म्हणजे जिथून आवाज आला होता तिकडे वळल्या. या पंधरवड्यात एक्स्चेंजमधून पाण्याजवळचं कुठलंही घर मिळतंय का, एवढंच त्यांनी विचारलं. त्याने बघितलं. एक होतं. नदीकाठी, पण दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पुरं मोठं घर असल्यामुळे पॉइंट फार जातील, जवळपास सगळेच. काका पुटपुटले की परका जिना आहे, अंधार असेल, एवढ्या मोठ्या घराची गरज काय.

"सगळे जाऊ देत," काकू म्हणाल्या. "घ्या ते घर."

घर घेतलं. समोरच्या पडद्यावर काकांच्या खात्यात नावालाही पॉइंट उरले नाहीत.

नदीकाठचं घर काकांना पहिल्या पावलापासून आवडलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. जिन्यातला दिवा गेलेला होता. तिथल्या माणसाला फैलावर घेऊन तो त्यांनी उभ्या उभ्या बदलून घेतला. गालिच्याची कड उचललेली होती, ती स्वतः गुडघ्यावर बसून चिकटपट्टीने बसवली. खोल्या एवढ्या मोठ्या, की काकू मधोमध उभ्या राहिल्या तर हाताला भिंत लागेना. उठायचं म्हटलं की हाक, बसायचं म्हटलं की हाक. प्रत्येक हाकेला काका येत, आणि येताना त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत येत.

सकाळी त्यांनी काकूंना गच्चीत नेलं. खाली नदी होती, रुंद, संथ, पलीकडे झाडं. एरवी कोणालाही डोळे भरून बघावीशी वाटावी अशी. काकू कठड्याशी उभ्या राहून बघायला लागल्या, आणि त्यांना आधी नुसतं आकाश मिळालं, मग शेजारच्या इमारतीचा कोपरा, मग पुन्हा आकाश. जेवढी नजर उरली होती तेवढ्या फटीत नदी काही सापडेना.

"कुठंय?" त्यांनी विचारलं.

खाली, काका म्हणाले. जरा डावीकडे. इतकं नाही. त्यांचा आवाज चढायला लागला, आणि मग ते मागे जाऊन उभे राहिले. काकूंचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी ते हळूहळू वळवलं, खाली केलं, थोडं परत आणलं.

"मिळालं," काकू म्हणाल्या.

बराच वेळ त्या बघत होत्या. काकांनी हळूच विचारलं, की दिसतंय ना नीट.

"पाणी दिसतंय. काठ नाही दिसत," काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे."

"हो," काका म्हणाले.

"हात काढू नका. मला पलीकडचा काठही बघायचाय."

काकांनी त्यांचं डोकं केसभर वर केलं.