मोर्चात सगळ्यात पुढे मीच!

ऐका, माझी फजिती मीच सांगून टाकतो. दुसरं कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल!

हल्ली आमच्या अमरावतीत पानठेल्यावर जा, कटिंगच्या दुकानात जा, एकच बोलणं. श्रीमंतांवर कर लावा, कष्टकऱ्यांना हक्काचं द्या! मला तर ते इतकं पटलं, की ट्यूशनमध्ये भूमिती शिकवता शिकवता मी समतेवर घसरायचो. घरी कोण ऐकतं?

त्या दिवशी राजापेठेत घरकाम करणाऱ्या बायांची सभा होती. वक्ता अकोल्याहून यायचा, त्याची गाडी मूर्तिजापूरला अडकली. संयोजक मला म्हणाला, "सर, तुमी बोला ना थोडंसं."

थोडंसं? मी? माइक हातात आला अन् मी सुटलोच!

समोर एक बाई बसलेली, उन्हामुळे डोळ्यांपर्यंत दुपट्टा बांधलेला. मी विचारलं, "ताई, आठवड्याची सुट्टी भेटते का?"

"नाई भेटत जी."

"दिवाळीले बोनस?"

"मालकीनबाईची जुनी साडी भेटते."

"अन् मालक काय करते?"

"पेपर वाचते."

काय सांगू, माझं डोकंच सणकलं! "लाज नाई वाटत त्याले? चला त्याच्या घरी! सुट्टी कबूल करेपर्यंत दारातून उठाचं नाई!"

बाई घाबरली. "नको जी, काम सुटन माह्यं."

"सुटलं तं मी जबाबदार!" मी गरजलो. टाळ्याच टाळ्या!

निघालो. बाई हातानं रस्ता दाखवत होती, पुढे घोषणा देत मी, मागे चाळीसेक बाया. आमचीच गल्ली लागली. मला वाटलं, कोपऱ्यावरचा बिल्डर असणार. मी आवाज आणखी चढवला. मोर्चा थांबला तो माझ्या फाटकापुढे! किती ही माया, सरांकडे पाणी प्यायला थांबल्या! "पाणी आन वं," मी आत ओरडलो.

बायको बाहेर आली. "अवो, ह्या समद्या कोन? अन् वंदना, तू या वक्ती कशी आली?"

बाईनं दुपट्टा सोडला. आमची वंदनाबाई! अकरा वर्षं आमची फरशी पुसते. पण मी तिला वाकलेलीच पाहिली होती हो, तोंडाकडे कधी बघितलं? लाज वाटली, खरंच सांगतो.

फाटकावरच कागद ठेवून रविवारची सुट्टी अन् महिन्याच्या पगाराइतका बोनस लिहून दिला. मग हळूच म्हटलं, "वंदनाबाई, सभेतच सांगाचं ना, मालक मीच हाये म्हून!"

"कायले मंधात बोलू जी? अकरा वर्षांत पयल्यांदा तुमी मले काई इचारून राहिले होते."