मराठी आवाजाला वाली हवा

“ताई, पुढच्या रिलीजपासून माझा कॉम्प्युटर मुका होणार म्हणे. खरं का?”

फोनवर जयश्री कोळी होती. परळच्या एका हॉस्पिटलात ती अपॉइंटमेंट देते. तिला दिसत नाही. स्क्रीनवरचं मराठी तिला कॉम्प्युटर वाचून दाखवतो. ते बंद झालं की तिची नोकरी गेली. आणि ते बंद करायचं काम माझ्याकडेच होतं.

तो आवाज एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधला. म्हणजे वापरायला फुकट, आणि दुरुस्त कोणीही करू शकतो. कोणीही करू शकतो, म्हणून कोणीच करत नाही. त्यातल्या प्रत्येक भागाला एक मेंटेनर लागतो, म्हणजे चुका निस्तरणारा माणूस. मराठी आवाजाचा मेंटेनर माटुंग्याचा एक मुलगा होता. तो परदेशी गेला, हळूहळू उत्तरं देईनासा झाला. ज्या भागाला वाली नाही तो काढून टाकायचा, असा नियम. नोकरी सांभाळून या रिलीजचं, म्हणजे नव्या आवृत्तीचं, काम मी बघत होते.

दादरला हॉल घेऊन स्वयंसेवकांची सभा बोलावली. हॉल भरला. एकाला नवा पुरुषी आवाज करायचा होता, दुसऱ्याला मालवणी बोलणारा.

“आणि आहे त्यातल्या चुका?” मी विचारलं.

“मॅडम, त्यात शिकायला काय मिळणार?”

सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना हवं होतं. माझं डोकंच फिरलं. समोसे खाऊन मंडळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कंपनीच्या साहेबांच्या, कर्णिक सरांच्या केबिनमध्ये गेले. ऑफिस लोअर परळला, बंद गिरणीच्या जागेवर. गिरणी कामगारांच्या संपाआधी माझे वडील तिथेच साचेखात्यात मागावर होते.

“सर, हा आवाज आपण आपल्या बोलणाऱ्या मशीनमध्ये घालून विकतो. आठवड्यातून एक दिवस एक इंजिनिअर द्या.”

“अगं, कम्युनिटी आहे ना! ती करेल.”

“कम्युनिटी म्हणजे कोण, सर?”

“लोक गं. पॅशन असलेले.”

फुकटचं विकायचं आणि वर आम्हाला पॅशन शिकवायची! दार आपटूनच बाहेर आले.

जयश्रीला फोन करून खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “चुका मी काढते. दिवसभर ऐकतेच की. माझ्या दोन मैत्रिणी पण वापरतात. दुरुस्त तुम्ही करा.” तिला विचारायचं इतक्या शहाण्यांत कोणाला सुचलं नव्हतं. ती पडली ‘युजर’! आमच्या लालबागच्या चाळीत जिना धुवायच्या पाळ्या असत. संपात घराघरांत चूल थंड होती, तरी पाळी कोणी चुकवली नाही. तशाच पाळ्या लावल्या. दर आठवड्याला तिघींपैकी एकीने चुका कळवायच्या, रविवारी मी त्या दुरुस्त करायच्या. आवाज रिलीजमध्ये राहिला.

मग कंपनीचा वार्षिक समारंभ आला. ‘आम्ही जपला मराठी आवाज’ असा बॅनर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाभार्थी म्हणून जयश्रीला स्टेजवर बोलावलं होतं. सरांनी स्वतः तिच्या हातात माइक दिला.

“मला आभार मानायला सांगितलंय,” ती म्हणाली. “चुका आम्ही तिघी काढतो. दुरुस्त ताई करतात, सुट्टीच्या दिवशी. साहेब, तुम्ही काय करता ते सांगा, म्हणजे त्याचे आभार मानते.”

सरांनी तिथेच, माइकवर, आठवड्यातून एक दिवस इंजिनिअर देतो म्हणून सांगितलं.

सोमवारी इंजिनिअर मिळाला. स्वयंसेवक हवा असेल तर जो वापरतो त्याला आधी विचारावं. आणि जो विकतो त्याला विचारायचं असेल, तर माइक चालू असताना विचारावं.