हातांनी शिकवलेली फ्रेंच

भूतकाळ सांगायचा असला की मॅडम उजवा हात खांद्यावरून मागे टाकायच्या, निसटलेली ओढणी सावरावी तसा. भविष्यकाळाला तोच हात पुढे, फाटक ढकलल्यासारखा. नकाराला दोन्ही तळव्यांची फुली. तोंडातून शब्द एकच, "आँकोर." म्हणजे पुन्हा.

चंडीगडात एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर त्यांचा संध्याकाळचा वर्ग भरायचा. मॅडम साठीच्या, पंजाबी, केस आखूड. आम्ही नऊ जण. मी मोहालीच्या एका कंपनीत. फ्रान्सच्या कामावर जायचं तर फ्रेंचची तोंडी परीक्षा पास हवी, असं साहेबांनी बजावलेलं. बाकी बहुतेकांना कॅनडा गाठायचं होतं.

वर्गात हिंदी, पंजाबी, इंग्रजी बंद. त्या हात हलवणार, वाक्य आम्ही बोलायचं. क्रियापदं गिद्धा नाचाच्या टाळ्यांवर. सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलातली नर्स हरप्रीत ड्यूटी करून यायची आणि त्या टाळ्यांवर अशा गिरक्या घ्यायची, की खालचा शोरूमवाला वर येऊन विचारायचा, "शादी किसकी है जी?"

मला हे पटत नव्हतं, स्पष्टच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परभणीला नोट्स पाठ करकरून पदवी घेतली. अभ्यास म्हणजे वही, एवढं मला ठाऊक. इथे तीन महिन्यांत वहीची चार पानं भरली नव्हती.

मग त्यांनी रेल्वे स्टेशनचं नाटक बसवलं. हरप्रीत प्रवासी, मी हमाल. सगळ्यांच्या बॅगा माझ्या डोक्यावर.

माझे वडील परभणीच्या मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करतात. मॅडमना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण मी शिकलो ते पुन्हा ओझं उचलायला नाही. बॅगा खाली ठेवल्या आणि हिंदीत म्हणालो, "मॅडम, हम यहाँ खेलने नहीं आए."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हात उचलले. बोट छातीवर. तळव्यांची फुली. दोन बोटं चालत आली, हात खांद्यामागे गेला, शेवटी चेंडू झेलल्यासारखं काहीतरी. मी तेच वाक्य फ्रेंचमध्ये बोलून मोकळा झालो, न अडखळता. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"आँकोर," मॅडम म्हणाल्या.

"यार, तू तो फ्रेंच में बढ़िया लड़ता है," हरप्रीत म्हणाली. मला ती थट्टाच वाटली.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या मालकाकडे अर्ज दिला. दोन पानी, मुद्देसूद. परीक्षा तोंडावर आली आहे, आम्हाला नोट्स हव्यात, नाटक नको. आणखी चौघांच्या सह्या घेतल्या होत्या. हरप्रीतने केली नाही. मालक म्हणाला, "पक्का जी, हो जाएगा."

पुढच्या सोमवारी नवे सर आले, चाळीस छापील उत्तरं घेऊन. मॅडम जिन्यात भेटल्या, कापडी पिशवी घेऊन खाली उतरत होत्या. अर्ज कुणाचा, हे त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांची हिंदी मी पहिल्यांदाच ऐकली. "बेटा, पास हो जाना."

चाळीसही उत्तरं मी पाठ केली. परीक्षेत त्यांबाहेरचा, एक्केचाळिसावा प्रश्न आला. तुमची गाडी चुकली आहे, खिडकीवर जाऊन तिकीट बदलून मागा. पाठ केलेलं एकही उत्तर जुळेना. मग टेबलाखाली माझा हात हलला. तो वर आला, छातीला लागला, खांद्यावरून मागे गेला. वाक्य आलं. त्यामागून दुसरं. परीक्षक बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. हसल्या मात्र नाहीत, लिहीत राहिल्या.

पास झालो. मॅडमना सांगायला संस्थेत गेलो.

"वो तो छोड़ गईं जी, नंबर भी बंद आता है," मालक म्हणाला. "आप अपना फोटो दे दो, दीवार पे लगाते हैं."

फोटोखाली शिकवणाऱ्याचं नाव छापतात. त्याने नव्या सरांचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "ठीक है ना?"

तक्रार दोन पानी लिहिणारा मी. त्या दिवशी नुसती मान डोलावली.

फ्रान्सला जाऊन आलो. फोटो अजून तिथेच आहे. तुमच्यापैकी कुणी त्या जिन्याने वर गेलात, तर डावीकडच्या भिंतीवर तिसऱ्या रांगेत बघा. चेहरा माझा आहे. खालचं नाव चुकीचं आहे.