डॉक्टरांनी पाहिलं

तिला आम्ही टाचणी म्हणायचो. अंगाने तशी, आणि बोलण्यानेही.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो. काम स्क्राइबचं. डॉक्टर पेशंटला तपासतात, स्क्राइब शेजारी लॅपटॉप घेऊन उभी राहते आणि सगळं टाइप करते. साहित्याच्या पदवीवर मला दुसरं काही मिळत नव्हतं. टाचणीला पुढे नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाला या कामाचा दाखला चालतो. तिला तेवढाच हवा होता.

वैद्यकातले शब्द तिने भराभर पाठ केले. सराव आईवर. आई शिवणकाम करायची, सतत मशीनवर वाकलेली.

"चक्कर येते गं अधूनमधून," आई म्हणाली.

"कधी येते? बसल्यावर, की उठल्यावर?"

"तू प्रश्न विचारायला लागलीस की."

आम्हाला शिकवायला एक जुना स्क्राइब होता. त्याला सगळे दादा म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्याने क्रम शिकवला. आधी तक्रार, पेशंटच्याच शब्दांत. मग कधीपासून, कुठे, किती. मग डॉक्टर सांगतील ते. आपलं डोकं मध्ये घालायचं नाही. सगळ्यात शेवटी त्याने बटण दाखवलं.

विभागाच्या भिंतीवर मोठी स्क्रीन होती. डॉक्टरांनी अजून न पाहिलेला पेशंट तिच्यावर लाल दिसायचा. लॅपटॉपवर 'डॉक्टरांनी पाहिलं' हे बटण दाबलं की हिरवा. लाल फार वेळ राहिला की वरच्या मजल्यावर व्यवस्थापकांकडे घंटी वाजायची, आणि मग खाली सगळ्यांची हजेरी घेतली जायची.

"म्हणून कॉटपाशी पोचलो की आपण आधी बटण दाबतो," दादा म्हणाला. "डॉक्टर मागून येतातच."

"नाही आले तर?" टाचणीने विचारलं.

"येतात गं. आम्ही काय इतकी वर्षं झोपा काढल्या?"

दाखला दादाच्या सहीने मिळणार होता. ती बटण दाबत राहिली. मीही दाबत होते.

एका दुपारी एका शाळेचा शिपाई आला. पोट धरलेलं, रंग उडालेला. सोबत मुलगी. "आतून काहीतरी उसवल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. टाचणीने ते तसंच्या तसं लिहिलं आणि बटण दाबलं. डॉक्टर मॅडम येतच होत्या. तेवढ्यात रस्त्यावरच्या अपघातातली माणसं आत आणली. मॅडम तिकडे वळल्या. "चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. टाचणी गेली.

स्क्रीनवर शिपाई हिरवा झाला होता. सिस्टर फेरीत लाल पेशंटांचं ब्लडप्रेशर पुन्हा पुन्हा बघायच्या. त्याच्या कॉटवरून त्या सरळ पुढे गेल्या. मुलीने त्यांना अडवलं.

"बाबांना घाम फुटलाय."

"डॉक्टरांनी पाहिलंय त्यांना. रिपोर्ट येऊ द्या."

"कुणी पाहिलंय? कुणीच आलं नाही."

सिस्टरनी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

टाचणी परत आली ती नेमकी तेव्हा. तिने त्याचा हात धरला. गार होता. याला अजून कुणी पाहिलेलं नाही, हे तिने सिस्टरना सांगितलं, मग जाऊन मॅडमना. मॅडम दुसऱ्याचा रक्तस्राव थांबवत होत्या. "त्याला पाहिलं ना मघाशी?" त्या मान न वळवता म्हणाल्या. पाहिलं नव्हतं. त्यांनाही ते हिरवंच आठवत होतं.

मग टाचणीने लॅपटॉपवर 'डॉक्टरांनी पाहिलं' ही नोंद मागे घेतली. तसं केलं की लॅपटॉप कारण विचारतो. तिने टाइप केलं: डॉक्टर आलेच नाहीत. स्क्रीनवर शिपाई लालभडक झाला, आल्यापासूनच्या सगळ्या वेळासकट. वर घंटी वाजली. व्यवस्थापक स्वतः खाली आले. दुसरे डॉक्टर कुठूनसे धावत आले. पोटातली मोठी रक्तवाहिनी गळत होती. त्याला तसंच ऑपरेशनला नेलं.

तो वाचला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी आम्हा तिघांना बोलावलं.

"हे बघ बेटा," ते टाचणीला म्हणाले, "बटण चुकून दाबलं, एवढं लिहून दे. विषय संपला. दाखलाही मिळेल."

"चुकून नाही दाबलं. शिकवलं तसं दाबलं."

त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "असं कोण शिकवेल, साहेब?"

"आम्हाला हेच शिकवलंय," मी म्हटलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"लिहून देणार की नाही?"

"उद्या दुसरी कुणी चुकून दाबेल," टाचणी म्हणाली. "तिच्याकडूनही लिहून घेणार का? मग कागदांचा एक गठ्ठाच छापून ठेवा."

संध्याकाळच्या आत तिला काढलं. दाखला नाही.

आठवड्याने ती शिपायाला बघायला आली. मीही गेले. वॉर्डच्या दारातच मुलगी भेटली.

"तूच ना ती? शिकाऊ मुलीच्या चुकीने झालं, असं सांगितलंय आम्हाला. माझा बाप गार पडत होता आणि तू बटणं दाबत होतीस."

मी तोंड उघडलं. टाचणीने माझं मनगट आवळलं.

"हो. मीच दाबलं."

मुलगी बराच वेळ बोलत राहिली. टाचणीने सगळं ऐकून घेतलं. मान खाली घातली नाही.

"काढलं ना तुला?"

"काढलं."

"बरं झालं."

जिन्यात मी तिला म्हटलं, सांगायचं होतंस की. नोंद मागे कुणी घेतली, ते तरी.

"काय चुकीचं बोलली ती?" टाचणी म्हणाली. "माझ्या वाट्याचं मी ऐकलं. पण मी एकटीच होते का गं तिथे? त्या वर बसलेल्या व्यवस्थापकाला तिने साहेब म्हटलं असेल. हात जोडले असतील."

ती पुन्हा वर निघाली. वॉर्डकडे नाही, त्याच्याही वर, व्यवस्थापकांच्या मजल्यावर. मी तिच्या मागे गेले.