पाटी न वाचलेली सभासद

रंगराव तेवीस वर्षं कारखान्यात फिटर होते. एके सकाळी फाटकावर 'जादा कामगारां'ची यादी लागली आणि त्यात त्यांचं नाव निघालं. मग पन्नाशीत ते लिनक्स ही संगणकप्रणाली शिकले आणि कसबा पेठेतल्या आमच्या वाचनालयाचे तीन संगणक सांभाळू लागले.

मी वर्ध्याहून एम.ए.ला आलेली. मला जन्मापासून दिसत नाही. तिसऱ्या संगणकात रंगरावांनी माझ्यासाठी मराठी वाचून दाखवणारा आवाज बसवला होता. बोलायचा नाकात, पण माझा प्रबंध मला त्यानेच ऐकवला.

२०१२च्या मार्चमध्ये त्या संगणकाची डिस्क भरली, कुणाचीच फाइल सेव्ह होईना. रंगरावांनी बिनवापराच्या पॅकेजेसची, म्हणजे संगणकात बसवलेल्या प्रोग्रॅमची, यादी काढली. ज्याच्यावर दुसरं कुठलं पॅकेज अवलंबून नाही, ते या यादीत येतं. माणसाचं काही अडतं का, हे यंत्राला कळत नाही. म्हणून विचारल्याशिवाय काही काढायचं नाही, हा रंगरावांचा नियम. आणि पुण्यात विचारायचं म्हणजे पाटी लावायची: 'आपण वापरत असलेल्या नावापुढे सही करावी. नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.'

आठवड्याने, मंगळवारी मी हेडफोन लावले, तर आवाज नाही. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता आणि शेवटचं प्रकरण तपासायचं राहिलं होतं.

"काका, हा मुका झाला का हो?"

"अगं, आठवडाभर पाटी लावली होती की. सही नव्हती ते काढून टाकलं," रंगराव म्हणाले.

"बरी लावलीत. अक्षरही सुंदर असेल."

खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. "माझं नाव भिंतीवर लागलं, तेव्हा मला निदान वाचता तरी येत होतं," ते हळूच म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. संथ इंटरनेटवरून तो आवाज पुन्हा उतरवून घेतला आणि संगणकाला बजावलं, की हे पॅकेज माणसाने मागून घेतलंय, पुन्हा यादीत घालायचं नाही. पाच वाजता कानात तोच नाकातला आवाज आला आणि मला रडू फुटलं.

प्रबंध शुक्रवारी दिला. आज मी येरवड्याच्या पुढे एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. ही नोकरी मी त्या माणसामुळे करते, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

वाचनालय सुटून वर्षं झाली. तरी तिथे नवी पाटी लागली, की रंगरावांचा फोन येतो. परवाही आला. "ऐक. 'चपला ओळीत काढाव्यात. सोमवारी नळाला पाणी येणार नाही.' काही हरकत?"

"नाही काका. माझी सही समजा."