तिचे सात, माझे सात

मुलगी जर्मनीला शिकायला गेली तेव्हा तिच्या खोलीतला राउटर मीच लावून दिला, इथूनच, फोनवर सांगून. मी बेळगावात नेटवर्कचंच काम करते. तो राउटर आपल्या नोंदी, म्हणजे काय कधी चालू-बंद झालं ते, येळ्ळूरच्या आमच्या घरातल्या मशीनला पाठवायचा. नोंदींची पद्धत जुनी होती. तीत महिना, तारीख, वेळ असते. वर्ष नसतं, आणि ती वेळ कुठल्या देशाची तेही नसतं. मशीन लिहिलेल्या वेळेनुसार ओळी लावायचं. संध्याकाळी घरी येऊन बघितलं की तिचा लॅपटॉप सातला सुरू झालेला, आणि लगेच खाली माझा, तोही सातला. जणू दोघी एकाच घरात उठलो. चुकीचं होतं ते. मी बदललं नाही.

मग तिच्या नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या.

"मम्मी, रोज दहाला नेट जातंय गं. कालची मुलाखत अर्धीच राहिली. सोमवारी शेवटची आहे."

"नेटच्या कंपनीवाल्याला विचारलंस?"

"तो म्हणतो, लाइन ठीक आहे. तूच बघ. फुकटची इंजिनिअर."

तिच्या नोंदीत राउटर दहाला बंद होऊन परत चालू झालेला दिसत होता. माझ्या मशीनच्या नोंदीत दहाला काहीच नव्हतं. शेवटी मी नवी पद्धत लावली. तीत वेळेपुढे वर्ष येतं आणि ती वेळ कुठली तेही येतं. सगळ्या ओळी हलल्या. तिचे दहा माझ्या दुपारच्या दीडच्या शेजारी येऊन बसले. रोज दीडला माझं मशीन तिच्या राउटरला रीस्टार्टचा हुकूम पाठवत होतं. तो मीच लावला होता. दुपारी पोरगी कॉलेजात असेल, म्हणून.

"म्हणजे तू पाडत होतीस व्हय?" ती हसत सुटली.

"काढून टाकलंय आता. मुलाखत नीट दे."

तिनं दिली. नोकरी लागली, आता दिवाळीलाही येणं जमणार नाही म्हणाली. बरं म्हटलं, गरम कपडे चांगले घे.

जुनी पद्धत परत लावायला दोन मिनिटं पुरतात. लावली नाही, पुन्हा काही बिघडलं तर शोधायचं कसं? सकाळी सातला चहा घेऊन बसते तेव्हा माझी ओळ एकटीच असते. तिची साडेदहाला येते. तेव्हा मी ऑफिसात असते.