पिवळं बटण कुणीच दाबत नाही

जनीमावशी गेल्याचं तिच्या सुनेने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मोखाड्यात ट्रेनिंगला बसले होते. समोर साहेब सांगत होते, "निर्णय पेशंटनेच घ्यायचा, आपण फक्त माहिती द्यायची." मी मान डोलावत राहिले. उठून जाता आलं नाही. त्याला आता दीड महिना झाला...

मी सूर्यमाळच्या पाड्यांवरची आशा सेविका. मावशी माझ्या आईची मैत्रीण, जिभेची तिखट. मला बघितलं की "आली सरकारची सून" म्हणायची. तिच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा मुंबईच्या हॉस्पिटलने दिलेलं ॲप मीच तिला दाखवलं. चित्रं, आवाज, सगळं मराठीत. पूर्ण स्तन काढायचा, की नुसती गाठ काढून पुढे काही आठवडे मुंबईत राहून रेडिएशनचा शेक घ्यायचा? प्रत्येक पानाखाली 'समजलं'चं हिरवं बटण आणि 'पुन्हा सांगा'चं पिवळं. मावशीने एकदाही पिवळं दाबलं नाही. शेवटी स्तन काढण्याच्या चित्रावर बोट ठेवलं. मला केवढा अभिमान वाटला! हॉस्पिटलात ज्याला त्याला सांगत सुटले, आमच्या मावशीने स्वतः ठरवलंय.

पुढे आजार हाडांत उतरला. शेवटची भेटले तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. सहज म्हणाली, "त्या मोबाईलातला मना काय पण नाय समजला."

"मग बटण का दाबलंस?"

"तू येवढी चढण चढून आलेली. दारात आलेल्या माणसाला नाय कसा म्हणू? पिवळा दाबला असता तं तुला परत परत सांगावा लागला असता. मना येकच इचारायचा होता. काय पण नाय केला, तं किती दिस? ता त्याच्यात कुठं नव्हता."

"डॉक्टरांना विचारून सांगते," मी म्हणाले. विचारलं नाही. आता विचारून काय उपयोग, अशी मनाची समजूत घातली. खरं तर उत्तराची भीती तिच्यापेक्षा मलाच जास्त होती.

आजही तोच मोबाईल घेऊन फिरते. काम सोडता येत नाही आणि करवतही नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्या पाड्यावर एका बाईला आधीच बजावलं, "नाही समजलं तर नाही म्हण, मला राग येणार नाही." तिने एकामागून एक हिरवी बटणं दाबली आणि आत जाऊन कोरा चहा घेऊन आली. "समजला सगळा, बाय. चहा घ्या."

पित्तामुळे मला चहा अजिबात चालत नाही. पण ती कप धरून उभी होती... मी सगळा प्यायले.